सूतकाट्याची झिजलेली बाजू

१२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या मागच्या पत्राला उत्तर दिलं नाही हे मला रोज दुकानाचं शटर वर करताना आठवतं आणि पहिलं गिऱ्हाईक आलं की विसरायला होतं. आज लिहितेय तेही कामाच्या निमित्ताने, म्हणजे अपराध दुप्पट. तू रागावशील, मग हसशील, या हिशोबावर पुढे लिहिते.

बाबांचे हात अजून थरथरतात. औषधाने जेवताना फरक पडलाय, पण बारीक काम होत नाही. ते उंच स्टुलावर बसतात आणि मी दुरुस्तीला आलेल्या तराजूकाट्याला हात लावला की घसा खाकरतात. एकदा खाकरले तर थांबायचं, दोनदा खाकरले तर काम खाली ठेवून बाजूला व्हायचं. दुकान माझ्यावर सोपवलंय असं ते सगळ्यांना सांगतात, स्टूल मात्र सोडत नाहीत.

गेल्या आठवड्यात विणकाम शाळेच्या मुख्य बाई एक जुना सूतकाटा घेऊन आल्या. गिरणी मोडली तेव्हाच्या सामानात तो त्यांना मिळाला होता. पितळी खांब, त्यावर पाव चकतीएवढी कमान, कमानीवर नंबर कोरलेले, एक लांब सुई. एका टोकाला लडी अडकवायचं हूक आणि दुसऱ्या टोकाला मोठ्या गोटीएवढा पितळी गोळा. सगळं काळं पडलेलं, पायाचा एक स्क्रू तुटलेला, सुई जागची हलत नव्हती. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले की हा तपासणी खोलीतला आहे, ताई ज्याच्यापुढे बसायची तोच.

आत्या, तू गिरणीत होतीस हे मला माहीत होतं, पण मी तुला कायम कापडाच्या घड्या करतानाच डोळ्यासमोर आणलं होतं. तू सूत तोलायचीस हे मला कुणी सांगितलंच नाही.

बाबांच्या नियमाप्रमाणे अजून फडकं लावलेलं नाही. आधी चारही बाजूंनी चित्रं काढायची, प्रत्येक ओरखडा टिपायचा, मग हात लावायचा. चित्रं झाली आहेत. माझे हात मात्र शिवशिवतायत. इतकं काळं पितळ समोर ठेवून मी जेवूसुद्धा शकत नाही. तुला विचारते, घासून चकचकीत करू का? तुझ्या वेळी कसा दिसायचा?

शाळेचं नवं दालन एप्रिलमध्ये उघडणार आहे. बाईंना काटा काचेआड नकोय, चालता हवाय, आणि त्यावर काम केलेल्या कुणीतरी पहिली लडी लावून मुलींना दाखवावं अशी त्यांची इच्छा आहे. मी लगेच तुझं नाव सांगितलं. बाबा म्हणाले, ती येणार नाही. का, असं विचारलं तर ते हातातलाच स्क्रू टेबलभर शोधायला लागले.

तू येशील ना? उत्तराची वाट बघते. तोवर फडकं कपाटात.

तुझी,
मुंगी

---

२० फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

रागावले आणि हसले, तुझा हिशोब बरोबर आला. तुझ्या बाबाला सांग, घसा फार खाकरला तर सुंठ चघळावी आणि मुलीला काम करू द्यावं. इकडे सगळी ठीक. नातीला खोकला आहे. सूनबाई कामावर जाते तेव्हा औषध द्यायची वेळ माझ्यावर येते, मग मी बाटली घेऊन शेजारच्या शिक्षिकेकडे जाते, ती टोपणात रेघेपर्यंत ओतून देते. सूनबाई म्हणते, सासूबाई, एवढं काय त्यात. नसेलही काही. मी मापाचं काही करत नाही, ते माझ्या हाताला जमत नाही.

काट्याचं विचारलंस म्हणून सांगते, एकदाच सांगते. कताई खात्यातून नमुन्याच्या कांड्या यायच्या. त्यातलं ठरलेल्या लांबीचं सूत चरखीवर गुंडाळून लडी करायची, ती हुकाला लावायची, सुई जिथे थांबेल तो सुताचा नंबर. नंबर मोठा तर सूत बारीक. सकाळी आधी पायाचे स्क्रू फिरवून रिकामी सुई शून्याच्या रेघेवर आणायची आणि मगच पहिली लडी. मी आठ वर्षं हे काम केलं आणि मला ते आवडत होतं. त्या खोलीत उजेड छान यायचा.

शेवटच्या वर्षात तक्रारी यायला लागल्या. कताईचे मास्तर म्हणत, आम्ही चाळीस नंबरचं सूत काढतो, ही बाई एकोणचाळीस लिहिते. त्यांनी सूत दुसऱ्या गिरणीत पाठवलं, तिथे चाळीस भरलं. मग मास्तर चार माणसं घेऊन आले आणि मी लडी कशी गुंडाळते ते बघत उभे राहिले. मी डावरी, हे तुला माहीतच आहे. मास्तर म्हणाले, हा बघा उलटा हात, डाव्या हाताने सूत सैल बसतं, सैल बसलं की लडीत जास्त जातं आणि वजन वाढतं. सगळ्यांना पटलं. खरं सांगू, मलाही पटलं. आठवडाभरात मला घड्यांच्या खात्यात पाठवलं, माझ्या जागी नवी मुलगी आली आणि तिचे नंबर बरोबर यायला लागले. मग बोलायला काय उरलं? अण्णा, म्हणजे तुझे आजोबा, त्या दिवसापासून मला दुकानातल्या वजनांना हात लावू देईनात. बोलले काही नाहीत, फक्त वजनं माझ्यापासून दूर सरकवून ठेवायचे.

तेव्हा मी येणार नाही. चारचौघांत तोच हात परत दाखवायची हौस नाही.

काटा मात्र खुशाल घास. माझ्या वेळी त्यात तोंड दिसायचं. रोज संध्याकाळी विटेची भुकटी आणि लिंबाची फोड घेऊन मी त्याला घासूनपुसून ठेवायची. हूक, गोळा, खांब, सगळं. अण्णांनीच शिकवलं होतं, मळका काटा दिसला की माणूस आधी मनातून शंका काढतो. दुसऱ्या कुठल्याच खात्याचं पितळ तसं नव्हतं, एवढं तरी म्हणेन.

पत्र लवकर लिही आणि स्वतः वेळेवर जेव. पितळ काळं असलं म्हणून पोळी थांबत नाही.

तुझी,
आत्या

---

३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच.

सुई मोकळी झाली, तुटलेल्या स्क्रूच्या जागी नवा केला. मग मी तू लिहिल्याप्रमाणे रिकामी सुई शून्यावर आणली आणि आपल्या दुकानातलं नेमकं वजन हुकाला लावलं. चाळीस नंबरची लडी जेवढी भरायला हवी तेवढंच. सुई एकोणचाळीसवर थांबली. मी वजन बदललं, पाय परत सपाट केले, बाबांना बोलावलं, शेजारच्या घड्याळवाल्या काकांनाही बोलावलं. सगळ्यांना एकोणचाळीसच दिसलं.

इथे सूतच नाही, आत्या. लडी नाही, चरखी नाही, कुणाचा डावा हात नाही. काटाच चुकतोय.

कारणही सापडलं. सुईच्या दुसऱ्या टोकाचा गोळा हलका झालाय. गोळा हलका झाला की सुई हुकाकडे जास्त कलते. तू रोज सकाळी पाय फिरवून शून्य बरोबर करायचीस, त्यामुळे रिकामा काटा बघणाऱ्याला काही कळायचं नाही. ओझं पडलं की तो जास्त झुकायचा. आणि मी बाबांना विचारलं की नव्या मुलीचे नंबर बरोबर कसे आले. त्यांना आठवलं की त्याच सुमाराला त्या खोलीत काचेच्या पेटीतला नवा काटा आला आणि जुना कपाटात गेला. मुलगी आणि काटा एकाच वेळी बदलले, आणि सगळ्यांनी फक्त मुलगी बघितली.

गोळा जुना आहे, काळाने झिजून हलका झालेला आहे.

तुझी लडी बरोबर होती. तुला हे सांगायला मी धावत यायला हवं होतं, पण दुकान बंद ठेवता येत नाही. आता तरी एप्रिलमध्ये ये. नातीच्या खोकल्याचं कळव.

तुझ्या मायेची आस धरून,
मुंगी

---

९ मार्च

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

तू बसून वाच म्हणालीस, मी उभ्याने वाचलं आणि दूध उतू गेलं. सूनबाई आतून ओरडली, तर मी तिला म्हटलं, ओरड हवी तेवढी, माझी लडी बरोबर होती. तिला वाटलं मला ताप आला. मग तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत तिला यातलं अक्षर माहीत नव्हतं. तिने गॅस पुसता पुसता सगळं ऐकलं आणि मास्तरांना असं काही म्हणाली की ते इथे लिहीत नाही.

तुझं पत्र मी उशीखाली ठेवलंय. दोन दिवस मी तुला नुसते आशीर्वाद देत होते.

तिसऱ्या दिवशी परत वाचलं. मुंगे, मी तराजू करणाऱ्याची मुलगी आहे. पितळ काळाने काळं पडतं, हिरवं पडतं, पण बसल्या जागी झिजत नाही. झिजायला काहीतरी लागावं लागतं. आणि तुझं अक्षर. तू लहानपणापासून घाबरलीस की फार सुंदर अक्षर काढतेस. शाळेतून तक्रार आली की ती चिठ्ठी तू मोत्यासारख्या अक्षरात उतरवून आणायचीस. या पत्रात सगळीकडे तुझी नेहमीची घाई आहे, आणि गोळ्याचं ते एकच वाक्य मात्र अगदी रेघ आखल्यासारखं.

तू चारही बाजूंची चित्रं काढलीस असं तूच लिहिलंयस. तेव्हा सरळ विचारते. गोळा कुठल्या बाजूने झिजलाय?

मला सांभाळू नकोस. मला चाळीस वर्षं सगळे सांभाळतायत, वजनं सरकवून.

नातीचा खोकला कमी आहे.

खऱ्या उत्तराची वाट बघणारी,
आत्या

---

१५ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

चार कागद फाडले. हा पाचवा, आणि अक्षर कसं येईल तसं येऊ दे.

गोळा डाव्या बाजूने झिजलाय. समोरून घाईत बघितलं की गोल वाटतो, वरून बघितलं की एका बाजूला पसरट खळगा आहे. बनवणाऱ्याचा शिक्का उजव्या बाजूला स्वच्छ आहे, डावीकडे अर्धी अक्षरं गेलीत. गोळा दांडीला धरून ठेवणारी चकती काढली तर तिच्याखालचं पितळ मुळातलं आहे, त्यावर कातकामाच्या रेघासुद्धा दिसतात. तिथून बाहेर नख फिरवलं की पायरी लागते. तेवढं पितळ गेलंय.

मी फडकं घेऊन गोळा डाव्या हातात धरून बघितला. माझा अंगठा त्या खळग्यात बरोबर बसला. तेव्हा तुझं आधीचं पत्र माझ्या समोरच पडलेलं होतं. विटेची भुकटी, लिंबाची फोड, रोज संध्याकाळी.

मी खोटं लिहिलं नाही असं मनाला सांगत होते, कारण काटा चुकतोय हे खरंच होतं. पण अर्धं सांगून थांबले. मला वाटलं, तुझ्या हाताला आत्ताच कुठे सोडवलंय आणि परत त्याच हाताचं नाव कसं घेऊ. तू बारकाईने पकडलंस ते बरं झालं. दहा दिवस मला पाणी गोड लागत नव्हतं.

हेही लिहिते की लडीबद्दल मास्तरांचं म्हणणं चूकच होतं. तुझी लडी सैल नव्हती, नाहीतर काट्याच्या चुकीत तिची भर पडून अडतीस आले असते. तुझा नंबर काटा दाखवायचा तसाच, नेमका यायचा.

आता पुढचं तुला विचारल्याशिवाय करणार नाही. बाबा म्हणतात नवा गोळा कातून बसवावा, काम पक्कं होईल. मला वाटतं हाच गोळा ठेवावा, खळग्यासकट, आणि जेवढं पितळ गेलंय तेवढ्या वजनाची एक पातळ वायसर चकतीखाली घालावी. म्हणजे काटा खरं सांगेल आणि त्याचं काय झालं तेही दिसेल. पण तो खळगा लोकांना दिसावा की नाही हे ठरवणारी मी कोण? तू नको म्हणालीस तर नवा गोळा.

चुकले, आत्या. प्रेम कमी करू नकोस.

मुंगी

ता. क. — ताई, पोरीला गप्प बस असं मीच सांगितलं होतं, तिला बोलू नकोस. तू आता शांत आहेस, कशाला ढवळायचं असं वाटलं. पण एक ऐक. अण्णांनी विटेची भुकटी आपल्या दोघांच्या हातात दिली. दुरुस्तीला आलेला प्रत्येक काटा मी तसाच घासून परत दिलाय. माझ्या हातून किती गोळे हलके झाले देव जाणे. ते लोकांच्या दुकानांत गेले म्हणून कुणी मला विचारायला आलं नाही. तुझा एकटीचा सापडला इतकंच. अक्षर वाकडं आहे, हात ऐकत नाही. — धाकटा

---

२९ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

उत्तर नाही म्हणून हे लहानसं पत्र. रागावली असशील तर तसं लिही, पण लिही. पोस्टमन दुकानावरून पुढे गेला की बाबा घसा खाकरतात आणि मी काही न करता थांबते.

शाळेच्या बाई काल येऊन गेल्या. काटा इतका मळका का ठेवलाय, उद्घाटनाला चकचकीत हवा म्हणाल्या. मी म्हटलं, मऊ ब्रशने धूळ काढीन, पितळ घासणार नाही. त्यांना वाटलं मी आळशी आहे. मला आजवर कुणी आळशी म्हटलं नव्हतं, त्यामुळे जरा लागलं. फडकं कपाटातच आहे आणि किल्ली बाबांकडे दिली आहे.

गोळ्याचं काम तुझ्यासाठी थांबवलंय. नातीचं कळव.

तुझीच,
मुंगी

---

४ एप्रिल

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

रागावले होते. दोन दिवस तुझ्यावर, मग अण्णांवर, आणि अण्णांवर रागावून उपयोग नाही हे कळायला आणखी आठवडा गेला. मधल्या काळात मी घरातली सगळी भांडी खाली काढून बघितली. माझ्या पातेल्यांची बुडं डावीकडून पातळ आहेत. सूनबाईला दाखवलं तर ती म्हणाली, तरीच चहा एका बाजूने करपतो. मग आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्या राहून इतकं हसलो की नात उठून आली.

मास्तर म्हणाले होते, ही बाई निष्काळजी आहे. त्या शब्दाशी मी इतकी वर्षं भांडत होते आणि मला भांडता येत नव्हतं. आता चूक माझीच निघाली, पण ती काळजी जास्त केल्याची निघाली. ती मी माझी म्हणून घेते. दुसऱ्याची चूक अंगावर बाळगण्यापेक्षा स्वतःची बरी. निदान ती आपल्या मापाची असते.

धाकट्याला सांग, तुझं वाकडं अक्षर मी तीनदा वाचलं. इतकं लांब पत्र त्याने मला माझ्या लग्नानंतरसुद्धा लिहिलं नव्हतं. मी आले की त्याच्या स्टुलाशेजारी दुसरं स्टूल मांडायला सांग, मीही खाकरून बघते.

म्हणजे मी येतेय. पण अटी ऐक. गोळा तोच राहील, खळग्यासकट. वायसर घाल, आणि ती घालताना वजन तू कर, तुझ्या बाबाला चारदा दाखव, मग पाचव्यांदा दाखवू नकोस. काट्याला कुणी हात लावून घासायचा नाही. बाईंना सांग, आळशीपणा आमच्या घराण्यात नव्याने आलाय, त्याची सवय व्हायला वेळ लागेल. पहिली लडी मीच गुंडाळणार, डाव्या हाताने, आणि चरखी माझ्या डावीकडे ठेवायची. सुई चाळीसवर थांबली तर ठीक. नाही थांबली तर मुलींना गोळा वरून दाखवीन आणि पाय परत तपासीन. या वेळी हात शेवटी तपासायचा.

तू अर्धं लिहिलंस याबद्दल तुला एक दिवस माझ्यासमोर उभं राहून बोलणी खायची आहेत. ती झाली की जेवू.

नातीला काल संध्याकाळी परत खोकला आला. बाटली घेऊन मी सवयीने चपला घातल्या, दारापर्यंत गेले आणि परत आले. खिडकीपाशी उजेडात टोपण धरलं आणि डाव्या हाताने ओतलं. बरोबर रेघेवर आलं. मी दुसऱ्यांदा बघितलं, ते सवयीने. नातीने पिऊन तोंड वाकडं केलं आणि विचारलं, आज शेजारच्या बाई घरी नाहीत का.

आहेत म्हटलं, घरीच आहेत.

भेटीची ओढ असलेली,
आत्या